खाल्ल्या मिठाला

नव्वद पौंड, आणि वर महिनाभर रोज एक पाव:
असा सौदा झाला कोल्टार्ड बाईंशी.
कथबर्टची होती. तो गेल्यापासून
कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून उभी,
सीटवर पिसं, टाकीत तीन वर्षांचं शिळं पेट्रोल.
"चालेल का रे?" बाईंनी विचारलं.
म्हटलं, पळायलाच हवी असं नाही,
गंजायला तयार असली म्हणजे झालं.

कारण इथे, वेअरच्या खोऱ्यात,
नोव्हेंबर लागला की संध्याकाळी
पिवळा दिवा फिरवत ट्रक येतो
आणि डोंगररस्त्यावर मीठ फेकत जातो.
जाडं, मातकट, खाणीतलं मीठ.
बर्फ वितळतो. त्याच्यामागून हळूहळू
नट, स्पोक, मडगार्ड,
आणि शेजारच्या नॉर्मनची
क्रोमची हौस.

माझी चांगली गाडी लाल आहे.
शेडमध्ये, जुन्या रजईखाली,
चाकं फळीवर, बॅटरी घरात जिन्याखाली.
तिने मीठ कधी पाहिलेलं नाही.

हिला रंग दिला ब्रशने,
फाटकाचा उरलेला हिरवा.
साखळीला जळकं ऑइल.
वारा बोटं मोडतो म्हणून
दुधाचे प्लास्टिकचे कॅन कापून हँडलला बांधले.
धुणं नाही, पुसणं नाही.
(रविवारी एक बादली कोमट पाणी.
नॉर्मनला सांगू नका.)

पहाटे पावणेतीनला निघतो, भट्टी पेटवायला.
पायजम्यावर पँट, पँटवर मेणकापड,
छातीशी कालचं वर्तमानपत्र.
चोक. एक किक. दुसरी. एक शिवी. तिसरी.
मग ती खाकरते
आणि कामाला लागते.

वळणावर काळा बर्फ असतो, दिसत नाही.
दोनदा आडवे झालो आम्ही,
एकदा मेंढ्यांच्या देखत.
लिव्हर वाकला, तो गुडघ्यावर ठेवून सरळ केला.
लाल गाडीवरून पडलो असतो तर रडलो असतो.
हिच्यावरून पडलं की आधी हसू येतं,
गुडघा नंतर आठवतो.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
हिने पाच हिवाळे माझ्या वाटचं मीठ खाल्लं
आणि जागली.
मिठाने मात्र तेवढंच हिला खाल्लं.
सायलेन्सरचं भोक कथबर्टच्या वेळचंच,
आता तळहाताएवढं.
दर मार्चला घेवड्याच्या डब्याचा पत्रा गुंडाळून
वेळ मारून नेली होती.
यंदा तपासणीला एमर्सनने मान हलवली:
"अख्खं गाव उठवशील."

नवा बसवला. चाळीस पौंड,
म्हणजे जवळजवळ अर्धी गाडी.
मांजराच्या पावलांनी जायला लागली.

चौथ्या दिवशी बाईंचा फोन.
"विकलीस का रे ती?"
नाही हो, रोज जातो की, तुमच्याच दारावरून.
"आवाज आला नाही."
मग बराच वेळ काही नाही. मागे कोंबड्या.
"तोही पावणेतीनलाच जायचा, खाणीवर.
मी कूस बदलायचे. पुन्हा झोप लागायची."
आणि लगेच, अंडी हवीत का म्हणून विचारलं.

कायद्याने चूक आहे, माहीत आहे.
एमर्सनलाही कळेल, त्याचं घर तिथून तिसरं.
संध्याकाळी अंगणात वाकून
नवा सायलेन्सर उतरवला, फडक्यात गुंडाळून
लाल गाडीशेजारी ठेवला, पुढच्या मार्चसाठी.
जुना चढवला. बोल्ट गंजलेला,
पाना सटकला, बोटांची सालं निघाली.
जखमेवर मीठ चोळायला कोणी लागलं नाही,
ते होतंच सगळीकडे.

पावणेतीन. तिसरी किक.
कोल्टार्ड बाईंच्या खिडकीत दिवा लागत नाही.
लागायला नकोच आहे.
चढ अजून पुढे आहे,
तरी गिअर एक खाली टाकतो,
त्यांच्या कुंपणापाशीच.